यादीतली तिसरी ओळ

मानवशास्त्र विभागात तिला सगळे ताई म्हणत. आधी धाकटे विद्यार्थी म्हणायला लागले, मग ऑफिसातले लोक, आणि सातव्या वर्षी एकदा खुद्द विभागप्रमुखांच्या तोंडून "ताई, तो पंखा जरा बंद कर" असं निघून गेलं, तेव्हा त्यावर शिक्कामोर्तबच झालं. पीएच.डी.ला आलेली माणसं चार-पाच वर्षं राहतात आणि मार्गी लागतात. ताईला आठ वर्षं झाली होती. प्रिंटरमध्ये कागद नेमका कुठे अडकतो, कोणत्या सरांसमोर कोणत्या सरांचं नाव काढायचं नाही, सुट्टीचा अर्ज कोणत्या वारी दिला तर सही लवकर होते, हे सगळं तिला पाठ. नवीन मुलं ऑफिसात गेली की तिथून सांगत, "आधी ताईला दाखव, मग इकडे आण."

दरवर्षी निघणारं विभागाचं 'यशवार्ता' पत्रकही तीच करायची. कोणाला फेलोशिप मिळाली, कोणाचा लेख कुठे छापून आला, कोणाला पदवी मिळाली, अशी आठ चकचकीत पानं. तेच विभागाच्या वेबसाइटवर जायचं आणि तेच मोठं करून जिन्याजवळच्या फलकावर लागायचं. मुलं स्वतःबद्दल जे लिहून देत ते इतकं फुगवलेलं असे, की ताईला आधी त्यातली हवा काढायला बसावं लागे. 'आंतरराष्ट्रीय परिषदेत सक्रिय सहभाग' म्हणजे गादीवर लोळत लॅपटॉपवर ऐकलेलं भाषण, हे ती नुसत्या वाक्यावरून ओळखायची. अशी सात पत्रकं तिने केली होती. सातांतही तिचं नाव होतं, पण शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात. संकलन करणारी म्हणून.

तिच्या प्रबंधाचा विषय होता कपडे अल्टर करून देणारी दुकानं. नवे कपडे शिवणारे वेगळे. हे लोक जुनं उसवून घट्ट, सैल, आखूड करून देणारे. बस डेपोमागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या मास्तरांच्या दुकानात ती साडेतीन वर्षं स्टुलावर बसली होती. गिऱ्हाईक कपडा घेऊन येतं आणि कपड्याबरोबर अंगाला काय काय झालं तेही सांगतं. आजारपण, बाळंतपण, गेलेल्या भावाचा कोट. माप घेताना मास्तरांच्या तोंडात टाचण्या धरलेल्या असतात, त्यांना बोलता येत नाही, आणि म्हणूनच लोक त्यांच्याशी इतकं बोलतात, असं ताईने लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं त्यांना ते आवडलं होतं.

तिच्या मार्गदर्शक मॅडमना मात्र ते कधी पुरेसं वाटलं नाही. मॅडम वाईट होत्या असं नाही. ताईची आई गेली तेव्हा पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत त्या येऊन बसल्या होत्या, हे ताई विसरली नव्हती. पण प्रकरण वाचायला दिलं की ते पाच महिन्यांनी परत येई आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द असत: 'अजून खोल.' त्या पाच महिन्यांत मॅडमच्या पुस्तकाची सूची, मॅडमच्या प्रकल्पाचा अहवाल, मॅडमच्या वर्गाचे पेपर, सगळं ताईकडे. "तू असलीस ना, की मला बघावंच लागत नाही," असं त्या म्हणायच्या. मनापासून म्हणायच्या, आणि पंचाईत तिथेच होती. जी इतकी उपयोगाची आहे तिला जाऊ कोण देणार? वर मॅडमनी आग्रह धरून तिच्याकडून मध्येच दोन प्रकरणं घालून घेतली. नुसते मोठमोठे सिद्धांत, ज्यांत मास्तर नाहीत, दुकान नाही, गिऱ्हाईक नाही.

तरी आठव्या वर्षी प्रबंध एकदाचा गेला. दोन बाहेरच्या परीक्षकांकडे गेला, आणि मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात व्हायवा. तीन माणसांसमोर तास-दीड तास प्रश्नोत्तरं झाली, की पदवी.

त्याच सुमारास पत्रक छापायला द्यायचं होतं. 'पदवी प्राप्त' या मथळ्याखाली दोन नावं होती. मॅडम ताईच्या खुर्चीमागे उभ्या राहून बघत होत्या.

"तुझंही टाक."

"मॅडम, माझी व्हायवा व्हायचीय."

"होईलच की. पत्रक हातात येईपर्यंत झालेली असेल. टाक टाक, नाहीतर आणखी एक वर्ष थांबावं लागेल."

ताईने टाइप केलं. तिसरी ओळ. नाव, प्रबंधाचा विषय, मार्गदर्शकाचं नाव. सात वर्षं दुसऱ्यांच्या ओळी नीटनेटक्या करणाऱ्या बाईने स्वतःची ओळ पाच वेळा वाचली, एकदा स्वल्पविराम काढला, पुन्हा घातला, आणि फाइल छापखान्याला पाठवून दिली.

दहा दिवसांनी एका परीक्षकाचा अहवाल आला. प्रबंध उत्तम आहे. परंतु तिसरं आणि चौथं प्रकरण ओढूनताणून बसवलेलं वाटतं, ते संपूर्ण नव्याने लिहावं, त्याशिवाय व्हायवा घेता येणार नाही. म्हणजे नेमकी तीच दोन प्रकरणं. ताईला हसावं की रडावं कळेना. आणि त्याच दुपारी छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे आले. शिपायाने हौसेने एक लगेच फलकावरही लावलं.

ती धावतच मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, त्या ओळीवर पट्टी चिकटवते. अजून वाटलेली नाहीत. वेबसाइटवरचं आत्ता काढते."

मॅडमनी उठून दार लावलं. खाली बसल्या, चष्मा काढून पुसला.

"थांब जरा. माझा बढतीचा अर्ज परवाच गेलाय. त्यासाठी तीन विद्यार्थी पूर्ण झालेले लागतात. दोन आहेत, तिसरी तू. अर्जाला पुरावा म्हणून याच पत्रकाची फाइल जोडलीय."

"पण मॅडम, ते खरं नाही."

"सहा महिन्यांत खरं होईल. तारखेचा काय तो फरक. तू दोन प्रकरणं लिही, मी लगेच सही करते. या वेळी पाच महिने लावणार नाही, शब्द देते." मग जरा थांबून, अगदी मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "आता तू काही काढलंस-बिढलंस, तर चौकशी लागेल. चौकशी लागली की प्रबंध कपाटात जातो. तुझाच. बघ बाई, मी आपलं सांगितलं."

ताई बाहेर आली. जिन्याजवळ दोन-तीन धाकट्या मुली फलकासमोर उभ्या होत्या. तिला बघताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर मिठीच मारली. ताईने हसून घेतलं, आणि हसल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं.

घरी त्याहून मोठा प्रसंग वाट बघत होता. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. कोणती गाडी किती मिनिटं उशिरा आली हे लिहिण्यात त्यांनी बत्तीस वर्षं घालवली आणि निवृत्त झाले. लेकीला मात्र 'कधी होणार' असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. दर आठवड्याला ते विभागाची वेबसाइट मात्र उघडून बघत, हे तिला त्या दिवशी कळलं. त्यांनी ते पान कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं होतं, चार प्रती, त्यातली एक प्लॅस्टिकमध्ये घालून.

"सांगितलं नाहीस ते!" बाबा दारातच म्हणाले. "मला सरप्राइज द्यायचं होतं का? मीच पकडलं बघ." ते वळून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभे राहिले.

जेवण झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. जेवण होतंय तोवर आत्याचा फोन आला. बाबांनी फोन लाउडस्पीकरवर टाकला. आत्या म्हणाली, "अगं, आपल्या घराण्यात पहिली डॉक्टर! वहिनी असती तर..." त्यावर काय बोलणार? उद्या सांगू, असं झालं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी गुडघा दाखवायला आल्या. बाबा त्यांना जिन्यातच म्हणाले, "अहो, ती माणसांची डॉक्टर आहे, गुडघ्यांची नाही!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की ताईही हसली. मग ते तिला डॉक्टरच म्हणायला लागले. "डॉक्टर, चहा घेणार?" "डॉक्टर, छत्री राहिली." एक दिवस गेला, एक आठवडा गेला. पहिल्या दिवशी एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. आता त्या वाक्याआधी 'इतके दिवस का गप्प बसलीस' याचं उत्तर देणं आलं, आणि ते दिवसागणिक अवघड होत चाललं.

बरं, प्रकरणं लिहून मोकळं व्हावं, तर तिथेही घोडं अडलं. ग्रंथालयात तिचं कार्ड चालेना. ती हेडक्लार्कबाईंकडे गेली. हेडक्लार्कबाई म्हणजे नियमाचं चालतंबोलतं पुस्तक.

"पदवी झाली ना तुझी? मग विद्यार्थी खातं बंद. यादी बघूनच केलं मी. खोलीची किल्लीही जमा कर हं, नवीन मुलगी यायचीय त्या टेबलावर."

"बाई, थोडे दिवस राहू दे ना. थोडं काम आहे."

"पदवी झाल्यावर कसलं काम?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना खरंच उत्सुकता होती.

पदवी झाली नाही म्हणून पुस्तकं हवीत, आणि पदवी झाली म्हणून पुस्तकं मिळत नाहीत. ती किल्ली देऊन आली. मग एका धाकट्या मुलीच्या कार्डावर, चोरासारखी, एकेक पुस्तक आणायला लागली. ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसायची. कोणी ओळखीचं आलं की वही मिटायची. आठ वर्षं ज्या इमारतीत ती मालकिणीसारखी वावरली, तिथल्या जिन्यावर पावलांचा आवाज आला तरी आता ती कोपऱ्यात सरकून उभी राहायची. लिहायला बसावं तर दोन तासांत एक परिच्छेद. तोही खोडलेला.

एकदा न राहवून ती मास्तरांच्या दुकानात गेली. मास्तर एका बाईच्या झग्याची कड दुमडत होते. ती बाई गेल्यावर ताई नेहमीच्या स्टुलावर बसली आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. ओळ, मॅडम, कार्ड, बाबा. मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या.

"हे मला कशाला सांगतेस?" ते म्हणाले. "मी काय सही करणार आहे? इथे येऊन बोललं की लोकांना बरं वाटतं, घरी जातात, आणि घरी जैसे थे. हे तूच लिहिलं होतंस ना? मला वाचून दाखवलं होतंस."

"हो."

"मग?"

तिला राग आला. चहा न घेताच ती उठली. पण बोलणं लागायचं तिथे लागलं होतं.

तिसऱ्या महिन्यात तपासणी समिती येणार असं कळलं. दर पाच वर्षांनी बाहेरचे तीन जाणते लोक येतात, विभाग बघतात, अहवाल देतात. त्यावर विभागाचं बरंच काही ठरतं. विभागप्रमुखांनी कामं वाटून दिली. 'विद्यार्थ्यांचे यश' या भागाचं सादरीकरण कोणी करायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही.

"ताई करेल," मॅडम म्हणाल्या. "तिला सगळ्यांचं तोंडपाठ आहे."

"मॅडम, नको," ताईने नंतर त्यांना गाठून सांगितलं. "दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"तू नाही केलंस तर विचारतील, नेहमी करते ती कुठाय. उगाच लक्ष वेधलं जाईल. दहा मिनिटांचं काम आहे. आपली ओळ भर्रकन पुढे घ्यायची."

समितीच्या दिवशी बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, फुलं. समितीत दोन पुरुष आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई. पुरुष सदस्य फाइलमध्ये डोकं घालून बसले होते. ताईने बोलायला सुरुवात केली. फेलोशिपा झाल्या, लेख झाले, पुरस्कार झाले. पदवी प्राप्त. पहिलं नाव, दुसरं नाव. तिसऱ्या ओळीला तिने ठरल्याप्रमाणे बटण दाबलं, आणि पुढचं चित्र पडद्यावर आलंही.

"एक मिनिट, मागे घ्या बरं," पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "हे अल्टरवाल्या दुकानांचं तुमचंच ना? माझे वडील शिंपी होते हो. विषय बघून फार बरं वाटलं. व्हायवात काय काय विचारलं तुम्हाला?"

साधा प्रश्न होता. आपुलकीचा. ताईने दुसऱ्यांच्या निदान वीस व्हायवांत पाणी ठेवलं होतं, खुर्च्या लावल्या होत्या, मागे बसून प्रश्न ऐकले होते. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, आणि चांगलं होतं. पलीकडे मॅडमनी बाटलीचं झाकण काढलं होतं आणि ते हातात तसंच धरून त्या तिच्याकडे बघत होत्या. विनवत होत्या, धमकावत नव्हत्या. तेच जास्त कठीण होतं.

"माझी व्हायवा झालेली नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन प्रकरणं परत लिहायची आहेत. मला पदवी मिळालेली नाही. ही ओळ चुकीची आहे. टाइप मी केली आहे."

मॅडमचं नाव तिने घेतलं नाही. घ्यावं असं वाटलं होतं, पण ओळ तिच्याच बोटांनी उमटली होती, हेही खोटं नव्हतं. मग विभागप्रमुख घाईघाईने म्हणाले, "छपाईची चूक दिसतेय, छपाईची," आणि समितीतल्या एका पुरुषाने पहिल्यांदाच फाइलमधून डोकं वर काढलं. पांढऱ्या केसांच्या बाईंचं कौतुक मावळलं होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि "पुढे चला" एवढंच म्हणाल्या. ताईने उरलेली चारही चित्रं दाखवली. एकही नाव गाळलं नाही.

दुपारी बाराला ती घरी आली. बाबा जेवायला बसत होते. तिने चपला काढायच्या आधी सांगितलं, उभ्याउभ्या, पहिल्यापासून. आज फोन वाजला नाही, कोणी जिन्यात आलं नाही.

बाबा ऐकत राहिले. ताट पुढे होतं, हात लावला नाही.

"पदवीचं सोड," ते शेवटी म्हणाले. "गाड्या उशिरा येतातच. मी वाचलं, मी नाचलो. तू सांगितलं नव्हतंस, कबूल. पण तीन महिने तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस गं."

ती रडली नाही, कारण रडली असती तर बाबांनाच समजूत काढावी लागली असती. थोड्या वेळाने ते उठले, ताट झाकून ठेवलं, सदरा बदलला.

"कुठे निघालात?"

"वरच्या आजींकडे. मग आत्याकडे. फोनवर नाही सांगता यायचं. मी सांगत सुटलो होतो, मीच जाऊन सांगायला हवं."

"मी येते बाबा. चूक माझी आहे."

त्यांनी जरा विचार केला. "चल," म्हणाले. दोघं मिळून संध्याकाळपर्यंत सात दारं फिरली. बाबा दरवेळी तेच वाक्य बोलायचे, "पोरीची पदवी अजून व्हायचीय, माझं ऐकण्यात चुकलं," आणि ताईने "नाही, मी सांगितलं नव्हतं" असं म्हटलं की तिच्याकडे रागाने बघायचे. आत्याने फक्त पाणी दिलं. पुढे दोन आठवडे बाबांनी तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

विभागात जे व्हायचं होतं ते झालं. मॅडमची बढती एक वर्ष लांबली. चौकशी लागली, आणि मॅडमनी सांगितलं होतं तसा प्रबंध खरोखरच कपाटात गेला. सगळे तिच्याशी नम्रपणे वागायचे. चहाच्या टेबलावर ती आली की मात्र एकेकाला काम आठवायचं. एका अर्थी आधीचंच बरं होतं, असंही तिला कितीदा तरी वाटून गेलं. प्रबंध कपाटातून बाहेर काढायला नवा मार्गदर्शक लागणार होता, आणि मार्गदर्शक बदलायचा तर आधीच्या मार्गदर्शकाची ना-हरकत सही लागते. ताईचा अर्ज मॅडमच्या टेबलावर सात महिने पडून होता. ती दर सोमवारी जायची, मॅडम "बघते" म्हणायच्या. एवढ्या सगळ्यात तिला आपणहून मदत केली ती फक्त हेडक्लार्कबाईंनी. "नाव यादीतून गेलं ना? मग तू विद्यार्थी," असं म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी कार्ड सुरू करून टाकलं होतं. त्यांच्या लेखी त्यात दयामाया काही नव्हती.

आठव्या महिन्यात मॅडमनी एका सोमवारी काही न बोलता सही केली. ताईने वाकून कागद उचलला. "दोन्ही प्रकरणं काढूनच टाकतेय, मॅडम," ती म्हणाली. "दुकानाचंच लिहिणार आहे."

"तुझा प्रबंध आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचा कागद ओढला.

व्हायवा झाली तेव्हा ताईचं दहावं वर्ष चालू होतं. विषय जुना झालेला, बरोबरीचे सगळे नोकरीला लागून गेलेले, आणि ज्या दोन जागांसाठी ती अर्ज करू शकली असती त्या भरून टाकलेल्या. प्रश्न दीड तास चालले. शेवटच्या रांगेत कोण कोण बसलंय हे तिने मुद्दामच बघितलं नाही. 'अभिनंदन' म्हणून सगळ्यांनी हात मिळवले, नवे मार्गदर्शक सर दोनदा म्हणाले की फार छान झालं. मग ती घरी गेली, पलंगावर आडवी झाली आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. बाबांनी तिला उठवलं नाही.